जायची-यायची एकच वाट

१२ नोव्हेंबर १९९६. मंगळवार, दिवाळीचे दिवस. संध्याकाळी ६ वाजून ३२ मिनिटांनी दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावरून सौदी अरेबियाचं बोइंग ७४७ उडालं. आधी धहरान आणि मग जेद्दा असा त्याचा मार्ग. विमानात ३१२ माणसं होती, त्यांत २३ कर्मचारी. प्रवाशांत सर्वाधिक भारतीय, आणि त्यांतले बरेचसे मजुरीसाठी, नोकरीसाठी आखाताकडे निघालेले. अशा प्रवासामागे बहुधा एका अख्ख्या घराची जमवाजमव असते. पासपोर्ट, व्हिसा, एजंटाचे पैसे, त्यासाठी काढलेलं कर्ज, आणि दोन वर्षांनी येताना काय काय आणायचं याची यादी.

त्याच वेळी पश्चिमेकडून दिल्लीकडे एक इल्युशिन-७६ येत होतं. कझाकस्तान एअरलाइन्सचं हे विमान तिथल्या चिमकेंत शहरातून निघालेलं. आत ३७ माणसं. त्यांत किरगिझस्तानचे काही व्यापारी होते, दिल्लीच्या बाजारात माल भरायला येणारे. सोव्हिएत संघ फुटून पाच वर्षं झाली होती, आणि मध्य आशियातल्या कितीतरी कुटुंबांची चूल अशा खेपांवर पेटत होती.

६ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास, दिल्लीच्या पश्चिमेला सुमारे १०० किलोमीटरवर, हरियाणातल्या चरखी दादरी गावाच्या आकाशात ही दोन विमानं एकमेकांवर आदळली. बोइंग उडून जेमतेम आठ मिनिटं झाली होती. दोन्ही विमानांतली मिळून ३४९ माणसं गेली. हवेत झालेल्या टकरींत इतके बळी त्याआधी कधी गेले नव्हते, आणि त्यानंतरही गेलेले नाहीत.

अमावस्या नुकतीच सरली होती, अंधार पडला होता, आणि आकाशात ढग होते. ही टक्कर वरून पाहणारा जो साक्षीदार पुढे आला, तो तिसऱ्याच विमानात होता. अमेरिकी हवाई दलाचं एक मालवाहू विमान इस्लामाबादहून दिल्लीकडे येत होतं. त्याच्या वैमानिकाला एक ढग आतून नारिंगी उजेडाने पेटल्यासारखा दिसला, आणि मग त्या ढगातून आगीचे दोन लोळ खाली जाताना दिसले. दिल्लीच्या नियंत्रण कक्षाला त्यानेच हे कळवलं. कक्षातल्या पडद्यावर तोवर दोन ठिपके नाहीसे झाले होते, आणि नियंत्रक त्या दोन्ही विमानांना हाका मारत होता.

जमिनीवर मात्र कुणाच्या कळवण्याची वाट पाहायची वेळच आली नाही. बोइंगचे तुकडे भिवानी जिल्ह्यात ढाणी गावाजवळच्या शेतांत पडले, इल्युशिन रोहतक जिल्ह्यातल्या बिरोहरच्या शिवारात. बोइंग हवेतच फुटत गेलं आणि ताशी ११०० किलोमीटरहून जास्त वेगाने जमिनीत घुसलं. इल्युशिनचा सांगाडा त्या मानाने सलग राहिला. आधी पोचले ते आसपासच्या गावांतले शेतकरी. पोलीस, डॉक्टर, मंत्री, पत्रकार नंतर. इल्युशिनच्या ढिगात चार माणसं अजून श्वास घेत होती. बोइंगच्या अवशेषांत दोघं आपल्या आसनांना पट्ट्याने बांधलेल्या अवस्थेत जिवंत सापडले. सहाही जण थोड्याच वेळात गेले. पण त्या अंधारात, जळत्या इंधनाच्या वासात, ढिगामागून ढीग उपसून जिवंत माणूस आहे का हे कुणीतरी हाताने चाचपून पाहिलं होतं, म्हणून तर ते सहाजण सापडले. मला या साऱ्या घटनेतली लोकांची पहिली प्रतिक्रिया म्हणून हीच नोंदवावीशी वाटते. वर्तमानपत्रांतली प्रतिक्रिया दुसऱ्या दिवशीची. ही त्याच रात्रीची.

दादरी तेव्हा तालुक्याचं गाव. एवढे देह ठेवायला तिथे जागा कुठली असणार? कितीतरी देहांची ओळख पटण्यासारखी नव्हती. नातेवाईक दिल्लीहून, उत्तर भारतातल्या गावोगावांतून येत राहिले. मोबाइल नव्हते. विमान पडलं हे आकाशवाणी-दूरदर्शनवरून कळायचं, आणि त्या विमानात आपला माणूस होता की नव्हता, हे एसटीडी बूथवर रांग लावून विचारावं लागायचं. घड्याळ, कपड्याचा तुकडा, अर्धवट जळलेला पासपोर्ट यांवरून ओळख पटवायची. ज्यांची ती पटली नाही, त्यांचे अंत्यसंस्कार तिथेच झाले.

मग दोष कुणाचा, याचा शोध सुरू झाला, आणि तो फार लवकर सुरू झाला.

सगळ्यांच्या नजरा आधी वळल्या त्या नियंत्रकाकडे. व्ही. के. दत्ता हे त्या वेळी येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना वाट देत होते. दिल्लीचं आकाश त्या काळी कसं होतं, हे समजल्याशिवाय त्यांचं काम किती अवघड होतं ते कळत नाही. राजधानीच्या भोवतालच्या हवाई क्षेत्राचा फार मोठा भाग वायुसेनेच्या ताब्यात होता. नागरी विमानांना जायला आणि यायला एकच पट्टा होता. उडालेलं विमान आणि उतरायला आलेलं विमान समोरासमोर, फक्त वर-खाली.

आमच्या बालाघाट जिल्ह्यातल्या हट्ट्याकडच्या वाचकाला हे चटकन समजेल. गोंदिया-बालाघाट-जबलपूर ही छोटी लाइन इथल्या दोन-तीन पिढ्यांनी पाहिली आहे. रूळ एकच. समोरून गाडी यायची असेल तर हट्टा रोडला किंवा पुढच्या कुठल्या तरी स्टेशनात थांबायचं, आणि स्टेशनमास्तरने परवानगीचा गोळा हातात दिल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी हलवायची नाही. एका वेळी गोळा एकाच गाडीकडे. दिल्लीच्या आकाशात तो गोळा म्हणजे उंची. विमान थांबवता येत नाही, म्हणून एकाला १४,००० फूट द्यायचे, दुसऱ्याला १५,०००. मधल्या हजार फुटांवर सगळ्यांचे प्राण.

दत्तांनी तेच केलं होतं. बोइंगला १४,००० फुटांवर राहायला सांगितलं, इल्युशिनला १५,००० पर्यंतच उतरायला. इल्युशिनकडून १५,००० गाठल्याचं उत्तर आलं. मग दत्तांनी त्याला सावधही केलं: समोरून सौदियाचं बोइंग येतंय, चौदा मैलांवर आहे, दिसलं की सांगा. समोरासमोर येणाऱ्या दोन जेट विमानांना चौदा मैल म्हणजे मिनिट-दीड मिनिटाचं अंतर. इल्युशिनने बघतो म्हणून कळवलं. एवढं सगळं नियमाप्रमाणे झालं होतं. पण इल्युशिन १५,००० वर थांबलंच नव्हतं. ते उतरत राहिलं. १४,५०० च्या खाली गेलं, आणि आणखी खाली.

दत्तांना ते दिसलं का नाही? कारण दिसण्याची सोयच नव्हती. दिल्लीत तेव्हा चालू असलेलं रडार विमान कुठल्या दिशेला आणि किती अंतरावर आहे एवढंच दाखवायचं. ते किती उंचीवर आहे, हे त्याला कळत नसे. उंची वैमानिक सांगेल ती. विमानातल्या यंत्राकडून थेट उंची वाचणारं नवं रडार घेतलं होतं, त्याच्या उभारणीचं काम चालू होतं, पण ते अजून वापरात आलं नव्हतं. दोन्ही विमानांत टक्कर टाळणारं, समोरचं विमान जवळ येताच घंटा वाजवून वर जा, खाली जा असं सांगणारं यंत्रही नव्हतं.

चौकशीसाठी न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांचा आयोग नेमला गेला. लाहोटी मूळचे मध्य प्रदेशातल्या गुना इथले, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयात होते. पुढे २००४ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. उड्डाणाच्या नोंदी ठेवणारी यंत्रं वाचण्यासाठी मॉस्कोला आणि इंग्लंडमधल्या फार्नबरोला न्यावी लागली. त्यांतून जे निघालं ते ऐकवत नाही. इल्युशिनच्या कॉकपिटमध्ये पाच माणसं असत. नियंत्रकाशी इंग्रजीत बोलायचं काम एकट्या रेडिओ ऑपरेटरचं. त्याच्या जागेसमोर उंची दाखवणारं यंत्रच नव्हतं. वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून त्याला ते पाहावं लागे. विमान चालवणाऱ्याला नियंत्रकाचं बोलणं नीट उमगत नव्हतं, आणि नियंत्रकाचं बोलणं उमगणाऱ्याच्या हाती विमान नव्हतं. शेवटच्या क्षणी रेडिओ ऑपरेटरच्या लक्षात आलं की आपण फार खाली आलो आहोत. त्याने वर घ्यायला सांगितलं. कप्तानाने पूर्ण जोर दिला, विमान किंचित वर उचललं गेलं, आणि त्याच्या शेपटीने बोइंगचा डावा पंख कापला. ते वर उचललं गेलं नसतं, तर बहुधा बोइंगच्या खालून निघून गेलं असतं. बोइंगच्या ध्वनिमुद्रणात शेवटी वैमानिकांनी म्हटलेली प्रार्थना आहे, मृत्यू समोर उभा असताना मुसलमान माणूस म्हणतो ती.

कझाक बाजूचं म्हणणं होतं की ढगांतल्या हेलकाव्यांमुळे विमान खाली गेलं. भारतीय नियंत्रकांचं म्हणणं होतं की त्या भागातले वैमानिक मीटर-किलोमीटरवर पोसलेले असतात, फूट आणि नॉटिकल मैलांच्या हिशेबात त्यांची गफलत होते. आयोगाने दोष कझाक वैमानिकांवर ठेवला: दिलेली उंची सोडून ते खाली उतरले, आणि इंग्रजी न समजणं हे त्यामागचं मोठं कारण. दत्ता निर्दोष ठरले.

लोकांनी यातलं काय उचललं? परदेशी वैमानिकांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून अपघात झाला. आजही दादरीचा विषय निघाला की बहुतेकांना एवढंच आठवतं. ते खोटं नाही. पण मला ते अपुरं वाटतं, आणि अशा अपुऱ्या उत्तरावर समाधान मानणं मला धोक्याचं वाटतं. इंग्रजी कच्चं असलेला वैमानिक दिल्लीच्या आकाशात रोजच येत असणार. ज्या दिवशी त्याने चूक केली, त्या दिवशी ती चूक पकडणारं दुसरं काहीच तिथे नव्हतं. पट्टा एक, रडार आंधळं, विमानात घंटा नाही. एका माणसाने एक आकडा चुकीचा धरला की ३४९ माणसं मरतील अशी ती रचना होती, आणि ती कझाकस्तानातून आलेली नव्हती.

हा धडा जगाला नवा होता असंही नाही. ३० जून १९५६ ला अमेरिकेत ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानं धडकून १२८ माणसं गेली. मोकळ्या आकाशात वैमानिकांनी एकमेकांना डोळ्यांनी बघून वाट काढायची, अशी तेव्हाची रीत होती. लोक इतके हादरले की दोन वर्षांत अमेरिकेला विमान वाहतुकीसाठी नवा कायदा आणि नवं खातं उभारावं लागलं. १९७८ मध्ये सॅन दिएगोत १४४ जण गेले. ३१ ऑगस्ट १९८६ ला लॉस एंजलिसजवळच्या सेरिटोसमध्ये एक छोटं विमान आणि एक प्रवासी विमान धडकून घरांवर कोसळलं. ८२ जण मेले, त्यांतले १५ जमिनीवर होते, रविवारी आपापल्या घरी. त्यानंतर अमेरिकी संसदेने प्रवासी विमानांत टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं केलं, आणि १९९३ पर्यंत ते बसवूनही झालं. म्हणजे दादरीच्या तीन वर्षं आधी.

आपल्याकडे ते दादरीनंतर आलं, पण आलं खरं. दिल्लीत येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी झाली. उंची दाखवणारं रडार चालू झालं. भारतात येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं, आणि हा दाखला मग इतर देशांनीही घेतला. आज रात्री हट्ट्यातून वर पाहिलं की लुकलुकत जाणारे दिवे दिसतात. नागपूरच्या डोक्यावरून देशाच्या चारी दिशांच्या वाटा जातात. १९४९ पासून कितीतरी वर्षं दिल्ली, मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याची टपाल विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमून थैल्यांची अदलाबदल करत, तेव्हापासून हे आकाश वर्दळीचं आहे. त्या प्रत्येक दिव्याची उंची आज कुणाच्या तरी पडद्यावर आकड्यात उमटते. दादरीच्या शेतांत जे पडलं, त्याची ही किंमतवसुली आहे असं मी मानतो.

यंत्र आलं म्हणून माणसांचा दोष शोधण्याचा स्वभाव बदलला नाही, हे पुढे सहा वर्षांनी दिसलं. १ जुलै २००२ च्या रात्री, जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या युबरलिंगेनजवळ रशियाचं तुपोलेव आणि एक मालवाहू बोइंग धडकलं. ७१ जण गेले, त्यांत सहलीला निघालेली बरीच शाळकरी मुलं. झ्युरिकमध्ये त्या रात्री एकच नियंत्रक दोन जागा सांभाळत होता, आणि दुरुस्तीमुळे टेलिफोनची लाइनही धड नव्हती. तुपोलेवमधलं यंत्र वर जा म्हणत होतं, नियंत्रक खाली उतर म्हणाला, वैमानिकांनी माणसाचं ऐकलं. त्यानंतर जगभर नियम पक्का झाला: यंत्र आणि नियंत्रक यांत विरोध आला तर यंत्राचं ऐकायचं. पण बायको आणि दोन मुलं गमावलेल्या एका बापाला हा नियम पुरेसा वाटला नाही. २४ फेब्रुवारी २००४ ला त्याने त्या नियंत्रकाला, पीटर निल्सनला, त्याच्या दारात भोसकून मारलं. शिक्षा भोगून तो बाप रशियातल्या आपल्या प्रांतात परतला तेव्हा त्याचं वीरासारखं स्वागत झालं, आणि पुढे त्याला सरकारी पदही मिळालं. त्या बापाचं दुःख मला कळतं. त्याच्या गळ्यात हार घालणाऱ्यांचं मन मला कळत नाही. निल्सनला त्या रात्री एकट्याला बसवणारे हवाई नियंत्रण कंपनीतले अधिकारी २००७ मध्ये दोषी ठरले. त्यांच्यातल्या कुणालाही तुरुंगात जावं लागलं नाही.

दादरीनंतर दत्तांवर कुणी हात उगारला नाही, हे मला या देशाचं भाग्य वाटतं. पण इथेही चौकशी आणखी सहा महिने लांबली असती, किंवा नोंदी वाचता आल्या नसत्या, तर त्या एका माणसावर आयुष्यभराचा डाग राहिला असता.

आपल्या भागालाही आकाशातून पडणारं दुःख परकं नाही. २८ जानेवारी २०२३ ला ग्वाल्हेरहून उडालेली वायुसेनेची सुखोई-३० आणि मिराज-२००० ही विमानं सरावात धडकली. सुखोईतले दोघे बाहेर उडी घेऊन वाचले. मिराजचे वैमानिक, बेळगावचे विंग कमांडर हनुमंतराव सारथी, गेले. त्यानंतर दोन महिनेही झाले नसतील. १८ मार्चला बाघ नदीपलीकडच्या बिरसीच्या धावपट्टीवरून उडालेलं एक प्रशिक्षण विमान आपल्याच बालाघाट जिल्ह्यात, भक्कूटोल्याच्या डोंगरात कोसळलं. प्रशिक्षक आणि शिकणारी मुलगी, दोघंही गेले. ही टक्कर नव्हती. पण धूर पाहून दरीकडे आधी कोण धावलं असेल, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. २०२२ मध्ये तिथून प्रवासी विमानंही सुरू झाली. शिकाऊ विमानं आणि प्रवासी विमानं एकाच आकाशात आल्यावर त्यांच्या वाटा कशा वेगळ्या ठेवल्या जातात, हे विचारणं आता आपलंही काम आहे.

कारण हा प्रश्न श्रीमंत देशातही विचारायचा राहून जातो. २९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये, रेगन विमानतळावर उतरायला आलेलं प्रवासी विमान आणि लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर पोटोमॅक नदीवर धडकलं. ६७ जण गेले. विचिटाहून येणाऱ्या त्या विमानात बर्फावर स्केटिंग करणारी मुलं आणि त्यांचे आईबाप होते. नदीतून देह काढणं चालू असतानाच राष्ट्राध्यक्षांनी दोषाचं बोट नोकरभरतीच्या धोरणाकडे दाखवलं. चौकशी तर नुकतीच सुरू होत होती. पुढे चौकशीत निघालं ते असं. हेलिकॉप्टरची ठरलेली वाट आणि ३३ क्रमांकाच्या धावपट्टीकडे उतरणाऱ्या विमानाची वाट यांत कुठे कुठे अवघ्या ७५ फुटांचं अंतर उरत होतं. हेलिकॉप्टरने २०० फुटांच्या वर जायचं नव्हतं, ते टकरीच्या वेळी २७८ फुटांवर होतं. इथेही आकडा उंचीचाच. आणि ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्या विमानतळाभोवती विमान आणि हेलिकॉप्टर धोक्याच्या जवळिकीने एकमेकांजवळून गेल्याच्या १५,२१४ नोंदी सरकारी माहितीत आधीपासून पडून होत्या.

हे आकडे चौकशी मंडळाने मार्च २०२५ मध्ये जाहीर केले, तेव्हा मंडळाच्या अध्यक्षा जेनिफर होमेंडी यांनी आपला राग लपवला नाही. नदीवरचा हेलिकॉप्टरचा तो पट्टा त्यानंतर कायमचा बंद झाला. आणि या खेपेला कुटुंबं एसटीडी बूथच्या रांगेत थांबून राहिली नाहीत. ती सुनावण्यांना येऊन बसली. गेलेल्या मुलांचे फोटो घेऊन त्यांनी खासदारांची दारं ठोठावली, आणि लष्कराच्या हेलिकॉप्टरांनी आपली जागा आणि उंची सतत प्रसारित केलीच पाहिजे असा कायदा मागितला.